भिंतींतल्या जुन्या भट्टीचा जीर्णोद्धार

नानखटाईचें पीठ घरीं मळावें, त्याचे गोळे पत्र्याच्या तबकांत मांडावे आणि तें तबक गल्लींतल्या बेकरींत नेऊन भाजून आणावें, अशी रीत आपल्या पुष्कळ गांवांत होती. आपली चूल भांड्याच्या बुडास खालून ताप देते. नानखटाईस ताप हवा चोहों बाजूंनीं, आणि तो बंद जागेंत कोंडलेला. अशी कोंडलेल्या उष्णतेची पेटी म्हणजेच भट्टी, व घरगुती स्वरूपांत तिलाच ओव्हन म्हणतात. पाश्चात्य देशांत पाव, केक व मांस भाजण्याचें काम नित्याचें असल्यामुळें ही पेटी तेथें स्वयंपाकघरांतच राहिली.

अमेरिकेंत पूर्वी ती बहुधा चुलीच्या पोटांत असे. वर चार शेगड्या, खालीं भट्टी. भाजणें कोठवर आलें हें पाहावयाचें तर गृहिणीस दर वेळीं कमरेंत वांकावें लागे आणि जड, तापलेलें पात्र गुडघ्यांच्या उंचीवरून उचलावें लागे. दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें. सैनिक घरीं परतले. शहरांबाहेर नव्या घरांच्या वसाहती झपाट्यानें उठूं लागल्या. न्यूयॉर्कजवळील लेव्हिटटाउनची बांधणी १९४७ सालीं सुरू झाली, ती याच लाटेंतली. या काळांत चुलीची फारकत झाली. शेगड्या ओट्यावर राहिल्या आणि भट्टी उचलून भिंतींतल्या कपाटांत, छातीच्या उंचीवर बसविण्यांत येऊं लागली. पुढें रंगहि आले: गुलाबी, पिवळा, मोरपिशी. स्वयंपाकघर ही तेव्हां अभिमानाची वस्तु झाली होती. १९५९ सालीं मॉस्को येथील अमेरिकन प्रदर्शनांत निक्सन व ख्रुश्चेव्ह यांचा जो प्रसिद्ध वाद झाला, तो एका नमुन्याच्या अमेरिकन स्वयंपाकघरासमोर झाला, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

त्या काळचीं घरें आतां पाडलीं जात आहेत. ओव्हन भंगारांत जातो, किंवा कोणी हौशी मनुष्य तो सोडवून आपल्या घरीं नेतो. निव्वळ हौस हेंच कारण असतें असें मात्र नाहीं. जुन्या घरांतील भिंतींतलें कपाट पुष्कळदां २४ इंच रुंदीचें असतें, आणि आज तेथील सर्वसाधारण ओव्हन २७ किंवा ३० इंची कपाटांसाठीं बनतात. २४ इंची मुळींच मिळत नाहीं असें नाहीं; पण निवड थोडी, आणि त्याची उंची जुन्या खाचेशीं जुळेलच याचा भरंवसा नाहीं. म्हणजे नवा ओव्हन घ्यावयाचा तर उत्तम लांकडाचें कपाट तोडणें आलें. जुना दुरुस्त करावयाचा तर त्यांतील धोके पत्करणें आलें. हे धोके खरे आहेत, म्हणून आधीं त्यांचाच विचार करूं.

पहिला धोका न दिसणारा आहे. त्या काळीं तारांवरील आवरण, दाराची दोरीसारखी किनार आणि उष्णता अडविणारे तक्ते यांत ॲस्बेस्टॉस वापरीत. हें खनिज जळत नाहीं, हा त्याचा गुण; परंतु त्याचे तंतु इतके सूक्ष्म कीं श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन तेथेंच रुततात, आणि त्यांपासून होणारे रोग कित्येक दशकांनंतर डोकें वर काढतात. पेटीभोवतीं भरलेला कापसासारखा थर पुष्कळदां कांचेच्या तंतूंचाच असतो. परंतु एक कोणतें व दुसरें कोणतें हें नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं, प्रयोगशाळेंत सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावें लागतें. म्हणून जुना ओव्हन हातीं येतांच तो उघडून ब्रशानें झाडावयास लागणें हें शहाणपणाचें नव्हे. संशयित भाग कोरडा घासूं नये, झाडूं नये. तो काढण्याचें काम त्याचें शिक्षण घेतलेल्या माणसाकडे सोंपवावें. येथें पैसे वांचविण्याचा मोह धरूं नये.

दुसरा धोका विजेचा. अमेरिकन घरांत विजेच्या दोन सजीव तारा येतात; त्यांपैकीं प्रत्येकीचा न्यूट्रल तारेशीं दाब १२० व्होल्ट, आणि त्या दोघींमध्यें २४० व्होल्ट. दिव्यांना १२० पुरतात, ओव्हनला २४० लागतात. जुन्या पद्धतींत ओव्हनचें पत्र्याचें अंग न्यूट्रल तारेलाच जोडीत, निराळी अर्थिंगची तार नसे. ती एक न्यूट्रल कोठें तुटली कीं साऱ्या अंगांत वीज उतरण्याचा संभव. १९९६ सालच्या तेथील विद्युत्‌नियमांपासून नव्या जोडणींत अर्थिंगची चौथी तार स्वतंत्र असावी लागते. तेव्हां जुनी पेटी नव्या तारांवर बसवितांना अंग आणि न्यूट्रल यांची ती जुनी गांठ सोडवावयास विसरतां कामा नये.

आतां तापणाऱ्या नळीकडे वळूं. तिच्या गाभ्यांत निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची तार असते. ॲल्बर्ट मार्श यांस १९०६ सालीं या मिश्रधातूचें अमेरिकन पेटंट मिळालें, आणि विजेवर पाव भाजणें खऱ्या अर्थानें शक्य झालें. साधी लोखंडी तार लाल होईपर्यंत तापविली तर हवेंतील प्राणवायूनें झिजून तुटते. या तारेवर मात्र क्रोमियम ऑक्साइडचा चिवट पापुद्रा धरतो आणि तोच आंतल्या धातूचें रक्षण करतो. तारेभोवतीं मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते व बाहेर धातूची नळी. पूड उष्णता जाऊं देते, वीज जाऊं देत नाहीं.

ही तार सुस्थितींत आहे काय, हें वीज न लावतांच कळतें. समजा, नळी २४० व्होल्टवर २४०० वॉटची आहे. दाबाचा वर्ग ५७,६००. त्यास २४०० नीं भागल्यास २४ ओहम रोध निघतो, व प्रवाह १० ॲम्पिअर. मापकयंत्राचीं टोंकें नळीच्या दोन्ही टोंकांस लावावीं. थंड असतांना २४ च्या किंचित् खालीं आंकडा आला तर तार शाबूत. अनंत रोध दिसला तर ती तुटली. मग एक टोंक तारेस व दुसरें बाहेरच्या नळीस लावावें. येथें रोध फार मोठा यावयास हवा. न आल्यास पुडींत ओल शिरली असें समजावें. ही पूड हवेंतील दमटपणा शोषून घेते, आणि वर्षानुवर्षें गोदामांत पडलेल्या ओव्हनला हा रोग हमखास जडतो. मंद उष्णतेनें ओल सुकवून पुनः मोजावें. फरक न पडल्यास नळी बदलावी. येथें एक गंमत सांगतों. हीच नळी कोणी १२० व्होल्टवर लावून पाहिली तर ती अर्धी न तापतां चौथाईच, म्हणजे ६०० वॉटच तापेल, आणि पाहणारा निष्कारण म्हणेल कीं ओव्हन म्हातारा झाला. दाब निम्मा केल्यानें प्रवाहहि निम्मा होतो, हें त्याच्या ध्यानांत आलेलें नसतें.

बाहेरचें रूप उजळविण्याचें काम त्या मानानें सोपें, पण धीराचें. पत्र्यावरील इनॅमल म्हणजे रंग नव्हे, ती कांच आहे. कांचेची पूड पत्र्यावर चढवून सुमारें ८०० अंश सेल्सिअसला वितळविलेली असते. यामुळें गरम पाणी, साबण व वेळ यांनीं बहुतेक मळ निघतो. करपलेल्या तुपावर दाहक सोडा उत्तम, कारण तो तुपाचा साबण बनवितो. परंतु तोच सोडा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना खाऊन टाकतो, आणि हातांना व डोळ्यांना तर फारच घातक. टवका उडालेल्या जागीं जो काळा-निळा थर दिसतो तो पायाचा लेप होय. त्यांत कोबाल्ट असल्यानें तो लोखंडास घट्ट धरतो. अशा टवक्यांवर रंगाचा फवारा मारून ओव्हन नव्यासारखा करण्याची कित्येकांस घाई असते. आंतल्या बाजूस असा रंग टिकत नाहीं, जळून वास मारतो. बाहेरचा लहानसा टवका तसाच राहूं द्यावा, असें माझें मत आहे. सत्तर वर्षांच्या वस्तूस एखादा व्रण शोभतो.

सर्वांत अवघड भाग म्हणजे उष्णतानियामक. ओव्हनच्या आंत द्रवानें भरलेली एक लहान नळकांडी असते, आणि तिच्यापासून केसासारखी बारीक तांब्याची नळी बटणामागील पडद्यापर्यंत जाते. उष्णतेनें द्रव प्रसरण पावतो, पडदा फुगतो, आणि योग्य वेळीं स्विच सुटून वीज बंद होते. पाडावाच्या घाईंत ही नळी दुमडली किंवा तुटली असेल तर द्रव गळून जातो. मग पडदा फुगतच नाहीं, वीज तुटत नाहीं, आणि ओव्हन तापतच राहतो. आग लागावयास याहून अधिक काय पाहिजे? म्हणून पहिल्या तापवणीच्या वेळीं आंत निराळें तापमापक ठेवावें, आणि मुख्य स्विचजवळ एक जबाबदार माणूस उभा असावा.

नियामक चालतो पण अचूक चालतो काय, याची एक कसोटी घरच्या साखरेनें होते. साखर सुमारें १८६ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे अमेरिकन तबकडीवर ३६६ अंश फॅरनहाइट. चमचाभर साखर पातळ पत्र्याच्या द्रोणांत घालून ३५० अंशांवर पंधरा मिनिटें ठेवावी. ती कोरडीच राहिली पाहिजे. मग दुसरा द्रोण ३७५ वर तितकाच वेळ ठेवावा. ती वितळली पाहिजे. पहिलीच वितळली तर ओव्हन तबकडीपेक्षां अधिक तापतो, दुसरीहि न वितळली तर कमी. कसोटी स्थूल आहे हें खरें, परंतु स्वयंपाकाचें काम तीवर भागतें. पुष्कळ जुन्या ओव्हनांत चूक सुधारण्यासाठीं बटणामागें एक लहान स्क्रू ठेवलेला असतो. मुलांनीं हा प्रयोग करावयाचा तर वडील माणसास जवळ घेऊनच करावा. वितळलेली साखर त्वचेला चिकटून भाजते.

राहिलें दर्शनी घड्याळ. त्याची मोटार विजेच्या स्पंदनांबरोबर फिरते, आणि अमेरिकेंत हीं स्पंदनें सेकंदास ६० असतात. हेन्री वॉरन यांनीं १९१६ सालीं बोस्टनच्या वीजघरांत आपलें नियंत्रक घड्याळ बसविल्यापासून अशा घड्याळांस बरोबर वेळ दाखवितां येऊं लागली. तें बंद पडलेलें असेल तर बहुधा आंतलें तेल सुकून चिकट झालेलें असतें. साफ करून थेंबभर नवें तेल दिल्यावर पुष्कळदां तें चालूं लागतें. आपल्याकडील कोणा पालकांस परदेशांतल्या आप्तांकडून असा ओव्हन आणविण्याची इच्छा झालीच, तर हिशेब आधींच करून ठेवावा: आपल्या २३० व्होल्टवर वर सांगितलेली नळी २४०० ऐवजीं सुमारें २२०० वॉट तापेल, त्यानें फारसें बिघडत नाहीं, परंतु आपली वीज ५० स्पंदनांची असल्यामुळें घड्याळाचा कांटा तासाभरांत पन्नास मिनिटेंच चालेल, आणि सकाळीं बरोबर लावलेलें घड्याळ दुसऱ्या सकाळीं चार तास मागें असेल.