मुलाच्या हातात ‘पोरींचं’ पुस्तक

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा माधुरी पुरंदरेंची राधाची पुस्तकं सारखी वाचतो. सासूबाई म्हणतात, ‘ही पोरींची पुस्तकं, त्याला शूरवीरांची दे.’ तो मात्र विचारतो, ‘आई, पुस्तकात आपल्यासारखं कोणी काहून नाही बोलत?’ काय करू?
– एक आई, हुडकेश्वर, नागपूर

उत्तर : ताई, राधा त्याच्याकडून काढून घेऊ नका. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यातला श्याम मनमोकळा रडतो, आईच्या मागे मागे असतो. ते पुस्तक पोरींचं, असं कोणी कधी म्हणालं का? मुली तर पोरांचा नायक असलेला फास्टर फेणे पिढ्यान्‌पिढ्या वाचत आल्या. त्यांना कोणी अडवलं नाही. मुलग्यालाच अडवतात, हे मला खटकतं. शूरवीरही द्या, पण राधेच्या जोडीला. मोठा झाला की ‘तोत्तोचान’ नक्की द्या.

त्याचा प्रश्न जास्त मोलाचा आहे. मराठी बालसाहित्य बरंचसं पुण्या-मुंबईच्या बोलीत बोलतं. नागपूरच्या पोराला तान्हा पोळा, दारोदार फिरवलेला लाकडी बैल, मिळालेला बोजारा (म्हणजे बक्षिशी) हे पुस्तकात सहसा सापडत नाही. इथं सासूबाईंनाच हाताशी धरा. त्यांच्या लहानपणचा तान्हा पोळा त्यांच्याच बोलीत सांगू द्या, तुम्ही तो एका वहीत तस्साच उतरवा, ‘काहून’चं ‘का’ करू नका. चित्रं मुलगा काढेल. ती वही शिवून राधाच्या शेजारी ठेवा.