आधारची प्रत आणि रेखांकित धनादेश

वाहक धनादेश ज्याच्या हाती पडेल तो वटवू शकतो. त्यावर दोन तिरप्या समांतर रेघा ओढल्या, की पैसे फक्त खात्यातच जमा होतात. वाणिज्य शाखेतला हा साधा धडा मला खऱ्या अर्थाने कळला तो सुट्टीत, बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील आमच्या धूलकोट गावी.

धाकट्या बहिणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी आम्ही एका ऑनलाईन सेवेच्या दुकानात गेलो. संगणक सुरू होताच पडद्यावर गावातील कितीतरी जणांची आधारपत्रे दिसली. त्यांत मागल्या वर्षीचे माझेही होते! मी म्हटले, "भाऊ, ही पुसून का टाकत नाही?" ते म्हणाले, "लोकच सांगतात, असू द्या, पुढच्या वेळी लागेल." माणूस भला होता, पण ती प्रत म्हणजे रेघा न ओढलेला धनादेशच की!

खाजगीपणा ही काही केवळ श्रीमंतांची चैन नव्हे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने तो मूलभूत हक्क ठरविला. पण हक्क राखायचा तर सवयी हव्यात.

पहिली सवय अशी, की पूर्ण क्रमांक मागितलेला नसेल तेथे झाकलेले आधार द्यावे. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ते उतरविता येते. त्यात 12 पैकी शेवटचे 4 आकडेच दिसतात. उतरविलेल्या आधाराचा परवलीचा शब्द म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे व जन्मसाल. ओळखीच्या माणसाला ते सहज सुचेल. म्हणून त्या कुलपावर विसंबू नये.

दुसरी, प्रतीवर 'फक्त अमुक अर्जासाठी' असे लिहून तारीख घालावी. याला धनादेशाच्या रेघांचे कायदेशीर बळ नाही. परंतु ती प्रत दुसरीकडे खपविणे अवघड होते.

तिसरी, मोबाईलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये.

चौथी, काम झाल्यावर आपल्यासमोर प्रत पुसून घ्यावी, कचरापेटीतूनसुद्धा. पुढच्या वेळेसाठी कागद ठेवायचे तर 2015 साली सुरू झालेले सरकारी डिजिलॉकर आहेच.

बहिणीची व माझी प्रत दुकानदाराने लगेच पुसली. बाकीच्यांच्या तेथेच राहिल्या. मित्रहो, आपण शिकलेल्यांनी आपापल्या गावी हे सांगितले नाही, तर दुसरे कोण सांगणार?