इंचभर खाली

माझी उंची पाच फूट दोन इंच. जुनी हिमालयन ४११ घेताना सीटची उंची ८०० मिलिमीटर असल्याचं वाचलं होतं. ती म्हणजे किती, हे खामगावच्या बाजारात, कापसाच्या गाड्यांच्या गर्दीत कळलं. डावा पाय टेकायला गेलो तो नेमका खड्ड्यावर, आणि गाडीसकट आडवा झालो. लागलं काही नाही, पण बघणारे फार होते.

त्याच आठवड्यात सगळ्यात स्वस्त लोअरिंग किट मागवलं. किट म्हणजे मागच्या मोनोशॉकच्या लिंकेजमधल्या दोन पट्ट्या, मूळच्यापेक्षा जरा लांब. त्या बसवल्या की मागचं चाक धरणारा चिमटा वर सरकतो आणि गाडी मागून बसते. दोन्ही चवडे टेकले. दोन दिवस मी खूश.

तिसऱ्या दिवशी साइड स्टँडवर लावलेली गाडी उजवीकडे कोसळली. गाडी खाली आलेली, स्टँड होतं तेवढंच. त्यामुळे ती कलतच नव्हती. रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर. बोथ्याच्या घाटात हँडल जड, कारण मागून बसलेल्या गाडीचे पुढचे शॉकअप जास्त तिरपे होतात. शेगावहून येताना बायको मागे बसलेली. गतिरोधकावर इंजिनखालचा पत्रा खर्रकन घासला. घरी पाहिलं तर मागचा टायर मडगार्डला लागलेला.

मिस्त्रीने पट्ट्या काढून दाखवल्या. भोकात बोल्ट हलत होता. "भाऊ, मांगचा सारा भार या दोन पट्ट्यायवर हाये," एवढंच तो म्हणाला.

म्हणून सांगतो, आधी मोजा. बूट घालून, कुणाला तरी गाडी धरायला लावून बसा. दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असं नाही; एक पाऊल नीट टेकलं तरी भागतं.

मग सीटवाल्याकडे जा. पुढचा फोम थोडा उतरवून कडेने निमुळता केला की मांड्या कमी फाकतात आणि पाय खाली पोचतो. माझं काम इथेच झालं.

तरीही किट हवंच असेल, तर ते तुमच्याच मॉडेलचं, चांगल्या स्टीलचं आणि बोल्ट घट्ट बसणारं घ्या. पुढच्या शॉकअपचे पाइप हँडलखालच्या 'टी'मधून त्या प्रमाणात वर घेणं, साइड स्टँड कापून घेणं, चेनचा ताण आणि हेडलाइट जुळवणं हा खर्च किटच्या किमतीतच धरा. मागे माणूस बसवून टायर कुठे लागतो का ते पाहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, पण ३.७ मीटर रुंद असतो. आपल्याकडे तीच उंची हातभर रुंदीत उभी केलेली असते. तिथे कमी झालेला प्रत्येक मिलिमीटर आठवतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं. आरटीओला आणि विमा कंपनीला आधीच विचारलेलं बरं.

आता मूळच्या पट्ट्या परत बसल्या आहेत. परवा त्याच बाजारात थांबलो. एकच पाऊल टेकलं, पण आधी खड्डा पाहून.