सनद खरी की खोटी?

'सनद' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत आपण प्रमाणपत्राला सनद म्हणतो. मराठीतही वकिलाला वकिलीची सनद मिळते. हदीसच्या अभ्यासात मात्र सनद म्हणजे कथन करणाऱ्यांची साखळी. अमुक गोष्ट याने त्याच्याकडून ऐकली, त्याने आणखी कोणाकडून. एक कडी कच्ची निघाली, तरी सारे कथन कमकुवत ठरते. प्रमाणपत्र आणि साखळी, या दोन्ही गोष्टी आजच्या पाठात आहेत.

कागदी दाखल्यावर शाईची सही आणि गोल शिक्का असतो. संगणकावरील दाखल्याचे काय? सहीचे चित्र चिकटवले, तर ते कोणीही उचलून दुसऱ्या कागदावर लावील. म्हणून येथे गणिताची मदत घेतात.

समजा, एका गुणपत्रकात ५८, ६३ आणि ७१ असे गुण आहेत. पहिल्याला १ ने, दुसऱ्याला २ ने व तिसऱ्याला ३ ने गुणा आणि बेरीज करा. उत्तर ३९७ येईल. हा त्या गुणपत्रकाचा ठसा झाला. कोणी ६३ चे ८३ केले, तर ठसा ४३७ होतो आणि लबाडी उघडी पडते. पण आता ६३ चे ६६ आणि ७१ चे ६९ करून पाहा. ठसा पुन्हा ३९७! आपला ठसा फसला. संगणकात वापरतात तो 'एसएचए-२५६' नावाचा ठसा असा फसत नाही. दस्तऐवज एका पानाचा असो की हजार पानांचा, ठसा ६४ चिन्हांचाच असतो. एक स्वल्पविराम बदलला, तरी सारा ठसा बदलून जातो. एकच ठसा असलेले दोन निराळे दस्तऐवज आजवर कोणालाही सापडलेले नाहीत.

सही करणाऱ्याजवळ दोन किल्ल्या असतात. याही किल्ल्या म्हणजे मोठमोठ्या संख्याच. एक गुप्त, दुसरी जाहीर. गुप्त किल्लीने ठशावर जी सही होते, ती जाहीर किल्लीने कोणालाही तपासता येते. भारतात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा सहीला मान्यता दिली.

यावरून सही कोणाच्या किल्लीची, आणि मजकूर नंतर बदलला काय, हे कळते. पण सही केव्हा झाली? संगणकाचे घड्याळ मागे फिरवणे काही कठीण नाही. गुप्त किल्ली चोरीस गेली, तर चोर मागची तारीख घालून खुशाल सह्या करील.

हा प्रश्न अमेरिकेतील स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन संशोधकांनी १९९१ साली एका निबंधात हाताळला. त्यांची युक्ती अशी : प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा गुंफायचा. मग मधली एक नोंद बदलली, की पुढच्या सगळ्या नोंदींचे ठसे जुळेनासे होतात. पण संपूर्ण वहीच नव्याने लिहिली तर? त्यावरही उपाय निघाला. १९९५ पासून या साखळीचा ठसा दर आठवड्याला 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्रातील छोट्या जाहिरातींत छापला जाऊ लागला. घरोघरी पोहोचलेला अंक कोण बदलणार! मला तर ही युक्ती साऱ्या गणितापेक्षा अधिक आवडते.

पुढे २००९ साली बिटकॉइन सुरू झाले. त्यात वृत्तपत्राची जागा हजारो संगणकांनी घेतली. प्रत्येकाजवळ तीच वही, तीच साखळी. तिलाच ब्लॉकचेन म्हणतात. तेथे दस्तऐवज ठेवण्याची गरज नसते, त्याचा ठसा पुरतो. तपासणारा आपल्या हातातील प्रतीचा ठसा काढतो, तो साखळीतील ठशाशी जुळवतो आणि नोंदीची वेळ पाहतो. आपल्या राज्यात गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ साली जातीची प्रमाणपत्रे अशा साखळीशी जोडण्याचे काम हाती घेण्यात आले. खोट्या प्रमाणपत्रावर एकाने जागा मिळवली, की खऱ्या हक्कदाराची जागा जाते, हे तुम्ही जाणताच.

मात्र एक गोष्ट या साखळीला जमत नाही. लिहिणाऱ्यानेच चूक लिहिली, तर ती चूकही ती तितक्याच इमानाने जपते. आपल्या वर्गाची हजेरी पाहा. 'मोहम्मद', 'मुहम्मद', 'मोहंमद' ही एकाच नावाची तीन रूपे तीन दाखल्यांवर सापडतात आणि दहावीच्या अर्जाच्या वेळी पालकांना हेलपाटे घालावे लागतात. कागदी नोंदवहीत लाल शाईने दुरुस्ती करता येते. साखळीतील जुनी नोंद खोडता येत नाही. दुरुस्तीची नवी नोंद पुढे जोडावी लागते आणि पहिली रद्द झाल्याचे तीत सांगावे लागते. तपासणाऱ्याने केवळ पहिली नोंद पाहिली, तर चुकीचे नावच त्याला खरे वाटेल.