सुरुवात फर्ममध्ये की न्यायाधिकरणात?

प्रश्न : एलएलबीनंतर बँकिंग-विमा कायद्यातच काम करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : कर्जवसुली न्यायाधिकरणातून. कर्जाचा करार कुठे उसवतो, ते तिथे दिसतं. सरफेसी कायद्याच्या (२००२) कलम १३(२)ची नोटीस घ्या : कर्जदाराला ६० दिवसांची मुदत, आणि त्याने हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं. ते दिलं नाही, तर पुढची ताब्याची कारवाई अडचणीत येते. हे पाहिलेला वकीलच पुढे कर्जाचा मसुदा डोळसपणे लिहितो. वसुलीच्या कामात पैसा नाही, असं म्हणतात. सुरुवातीपुरतं ते खरंच आहे. पण फर्ममधला नवखा बहुधा तयार नमुनेच भरत राहतो. विम्याचंही तेच. तीन वर्षांनंतर आयुर्विमा पॉलिसीला आव्हान देता येत नाही, हे १९३८च्या कायद्यातलं कलम ४५ नाकारलेल्या दाव्याची फाइल चाळतानाच नीट उमगतं.