दुसरा स्विच लावण्यापूर्वी

आमच्या करसल्लागार कार्यालयात चोवीस पोर्टचा एकच स्विच होता. जीएसटीचे विवरणपत्र भरायची २० तारीख आली आणि त्याचा पॉवर सप्लाय जळाला. सर्व्हर चालू, इंटरनेट चालू, पण कुठल्याही टेबलावरून दोन्हींपर्यंत पोहोचता येईना.

त्यानंतर नेटवर्कवाल्याने दोन साधे, अनमॅनेज्ड स्विच बसवले. एक केबल तुटली तर दुसरी असावी म्हणून त्यांच्यामध्ये दोन केबल जोडल्या. लगेच सगळे दिवे एकसारखे लुकलुकू लागले आणि अख्खे ऑफिस ठप्प झाले. ब्रॉडकास्ट फ्रेमला आयुष्यमर्यादा नसते. लूप मिळाला की ती गोल फिरत राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि खऱ्या कामाला जागाच उरत नाही.

यावरचा उपाय जुना आहे. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री तयार केला. जादा वाट तो अडवून ठेवतो आणि चालू वाट तुटली की ती उघडतो. मूळ पद्धतीला त्यासाठी ३० ते ५० सेकंद लागत. २००१ च्या ८०२.१डब्ल्यू मानकातली रॅपिड आवृत्ती, म्हणजे आरएसटीपी, हे काम बहुधा काही सेकंदांतच उरकते. स्विच घेताना माहितीपत्रकात हेच नाव शोधा. नुसते ‘लूप प्रिव्हेन्शन’ लिहिले असेल तर ते पुरेसे समजू नका. मुख्य स्विचचा प्रायॉरिटी आकडा ३२७६८ वरून ४०९६ वर आणा, नाहीतर रूट, म्हणजे झाडाचा मूळ स्विच, कोण हे मॅक पत्त्यावरून ठरते आणि ते पद नको त्या स्विचकडे जाऊ शकते.

सर्व्हरला दोन लॅन पोर्ट असतील तर एकेक केबल एकेका स्विचला द्या आणि अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप (एक केबल चालू, दुसरी राखीव) ठेवा. त्यासाठी महागडे स्टॅकिंग, म्हणजे स्विच जोडून एकच करणे, लागत नाही. दोन केबल एकत्र बांधणारे एलएसीपी मात्र दोन सुट्या स्विचवर पसरवता येत नाही.

टेबलावरच्या संगणकाला बहुधा एकच पोर्ट असतो. त्याचा स्विच गेला की पॅच कॉर्ड हाताने हलवावीच लागते. म्हणून दोन्ही स्विचवर रिकामे पोर्ट राखा, प्रत्येक कॉर्डला चिठ्ठी लावा, राउटरची आधी हलवा. माझ्या मते लहान ऑफिसात पैशाचे खरे मोल याच तयारीत आहे. दोन्ही स्विच एकाच यूपीएसवर असतील आणि तो बंद पडला तर मात्र सगळी मेहनत वाया जाते.

आणि एखाद्या शनिवारी, काम संपल्यावर, चालू स्विचची वायर स्वतः काढून पाहा.