मनावरचे ओझे

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायची म्हणून पहाटेपासून तोडणी, मोळ्या बांधणे आणि गाडी भरणे. गाडी रात्री आली तर रात्री भरायची.

आमच्या शेजारचा एक गडी असाच तोडीला जाई. एका वर्षी परत आला तो चिडका होऊन. रात्री झोप नाही, छातीत धडधड, पोरांवर ओरडणे. बायको म्हणाली, "गुरुजी, ह्यांना बाहेरचं काही झालंय का?" आम्ही म्हणालो, "बाई, आधी डॉक्टरला दाखवा." डॉक्टरांनी तपासले. छातीत दोष नव्हता. ओझे मनावर होते.

हे ओझे कसे चढते? वाटेत साप दिसला की काळीज धडधडते, अंग ताठते. शरीर पळायची तयारी करते. साप गेला की ते पुन्हा शांत होते. पण कामाची काळजी सापासारखी निघून जात नाही. मग शरीर रात्रंदिवस ताठच राहते. झोप उडते, डोके दुखते, राग येतो. दारूने घटकाभर बरे वाटते, पण झोप आणखी बिघडते.

आम्ही गड्याला विचारले, "सगळ्यांत मोठी धास्ती कसली?" तो म्हणाला, "उचल किती फिटली तेच कळत नाही, गुरुजी. मुकादम सांगेल तो आकडा."

त्याची बायको तेव्हा आमच्या वर्गात अक्षरे शिकत होती. पुढच्या हंगामात तिने वही नेली. प्रत्येक खेपेची तारीख आणि पावतीवरचे वजन ती लिही. शेवटी हिशेबाला बसले, तर मुकादमाकडे दोन खेपा कमी निघाल्या. तिने वही पुढे केली. त्याने खेपा धरल्या.

कष्ट तेवढेच होते. पण गड्याला झोप लागू लागली.

मंडळी, सगळीच ओझी वहीने उतरत नाहीत. म्हणून मनातले घरी बोला. विसावा हवा असेल तर टोळीने मिळून मागा. झोप लागेना, जगणे नकोसे वाटले, तर लाजू नका. 14416 या नंबरवर फोन करा. ही सरकारची 'टेली मानस' सेवा 2022 साली सुरू झाली. ती फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.

वहीत लिहा :
1. माझ्या कामातली सर्वांत मोठी काळजी कोणती?
2. ती मी कोणाला सांगेन?